वसरामच्या जीपचा आवाज

सायलेन्सरला पडलेलं भोक बोराएवढं होतं. त्याच्या कडा गंजून पापुद्र्यासारख्या सुटल्या होत्या. भोकावर तेलाच्या डब्याचा पत्रा होता, पत्र्यावर तार, आणि तारेवर आणखी एक पत्रा. बुद्धभूषणने बाजूच्या लोखंडावर पेचकसाचं टोक टेकवलं. ते सरळ आत गेलं.

"मावशी, ह्याच्यात आता लोखंड कमी अन् तुमचा हट्ट जास्त राहिला," तो जीपखालूनच म्हणाला.

चंदाबाई गॅरेजच्या दारात एका जुन्या टायरवर बसली होती. ती हसली नाही. तिच्या मुलाने, देविदासने, मान खाली घातली.

ही दहा सीटांची जीप वसरामची, चंदाबाईच्या नवऱ्याची. शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरून तो जवळा बाजारला माणसं न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. परतताना पाझर तलावाच्या वळणावर तो गिअर बदलायचा. तिथे आवाज एकदम खाली जायचा आणि खाकरल्यासारखा पुन्हा वर चढायचा. तो ऐकला की चंदाबाई चुलीवर आधण ठेवायची. गूळ आणि चहापत्ती. दूध नाही. जीप अंगणात येऊन थांबायची तेव्हा चहा नुकता उकळलेला असायचा. शेजारच्या बाया चेष्टा करायच्या, "चंदाबाईचं इंजिन चालू झालं बघा!"

वसराम गेल्यावर जीप देविदास चालवू लागला. वळण तेच, गिअर तोच. देविदासला गुळाचा काळा चहा कधीच आवडला नव्हता. पण तो अंगणात उतरायचा तेव्हा ओट्यावर कप वाफाळत असायचा, आणि आई जीपच्या दाराकडे पाहत उभी असायची. तो उतरला की ती नजर वळवायची. तो कप एका दमात संपवायचा. चार वर्षांत दोघं त्याविषयी एक शब्द बोलले नव्हते.

सायलेन्सर बदलायचा विषय त्याने अनेकदा काढला होता. "ठिगळ मार," एवढंच ती म्हणायची. मग गेल्या बाजारच्या दिवशी धूर मागून आत शिरला. मागच्या सीटवरची त्याची धाकटी लेक ओकली, आणि तांड्यावर पोचेपर्यंत तिची मान एका बाजूला पडली होती. मोकळ्या हवेत लेकरू सावरलं. पण चंदाबाई रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिली. आज सकाळी ती स्वतःच येऊन जीपमध्ये बसली. "मी ऐकल्याबिगर बसवायचा न्हाई," एवढंच म्हणाली.

कंपनीचा नवा सायलेन्सर या वयाच्या गाडीला परवडणारा नव्हता. बुद्धभूषणकडे नांदेडहून आणलेले दोन स्वस्तातले होते. त्याने पहिला दोन बोल्टांवर तात्पुरता अडकवला. देविदासने जीप सुरू केली. आवाज बारीक होता, एकसारखा, सगळीकडून दाबून बसवल्यासारखा.

चंदाबाईने डोळे मिटून ऐकलं. "ही आपली गाडी वाटत न्हाई. परक्याची वाटते."

दुसरा लावला. "ह्यो तर ट्रॅक्टर झाला," ती म्हणाली.

"याडी," देविदास आईला कळवळून म्हणाला, "आवाज ऐकून सायलेन्सर कोन घेतं? धूर बाहेर गेला, दोन-चार वर्सं टिकला, झालं."

"मी घेते."

"मावशी, गळ्यात पेटी घिऊनच यायचं होतं," बुद्धभूषण म्हणाला. "सूर लावून दिला असता."

पण तो वसरामला ओळखत होता. ही जीप त्याच्याच हाताखालून किती वेळा गेली होती. तो गॅरेजच्या पत्र्यावर चढून मागच्या बाजूला काहीतरी ओढू लागला आणि धुळीने माखलेला एक सायलेन्सर घेऊन उतरला. भंगारात निघालेल्या अशाच एका जीपचा, पण लोखंड शाबूत. तिन्हींत हाच सगळ्यांत स्वस्त होता.

तो सायलेन्सर जागेवर बसला. देविदासने किल्ली फिरवली, अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आवाज खाली गेला, खाकरला आणि वर चढला.

चंदाबाई उठून उभी राहिली होती. तिचा उजवा हात बाजूला गेला, आणि तांब्या धरायला वळावीत तशी बोटं वळली. तिथे काहीच नव्हतं. ती चालत ड्रायव्हरच्या खिडकीशी आली.

देविदास खिडकीतून वाकला. खूप दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झाला होता. "हाच ना, याडी? बराबर बाच्या वेळचा!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. कधी झाले, ते तिला आठवेना. तिने हात वर करून ते केस एकदा मागे सारले.

"बंद कर," ती म्हणाली.

इंजिन थांबलं. बुद्धभूषण पाना हातात घेऊन बोल्ट आवळायला वाकला होता. तो तसाच थांबला.

"आवळू नको, भूषण. तो पयला बसव."

"काहून, मावशी? त्यो तर परक्याचा वाटत होता तुमाला."

"वाटू दे." तिने जीपच्या दारावर तळवा टेकवला. "हा वाजला की मी त्यांच्यासाठी आधण ठेवते. तो वाजला की मला कळंल, माझा देविदास आला."