तीन चमचे

“चूक आमच्याच छापखान्याची,” असं पुस्तकविक्रेते क्रॅनफर्ड यांनी कबूल केलं आणि ती दुरुस्त करण्याचं वचनही दिलं. मग उठून दुकानाचं दार लावून घेतलं, आणि त्या क्षणापासून ते असं काही बोललेच नव्हते.

“तर मग, बाई,” ते बसत म्हणाले, “सही करायची ना?”

समोरच्या अर्जाच्या कागदात तिच्या नावानं म्हटलं होतं की, पुस्तक हे लेखकाच्या बुद्धीचं पोर असून त्यावरचा हक्क निसर्गदत्त आणि अनंतकाळचा आहे. सबब एडिंबरोच्या चोरांनी विनापरवानगी छापलेल्या प्रती जाळण्यात याव्यात. कागद पार्लमेंटात लॉर्डांच्या सभेपुढे जायचा होता.

सुझॅना टिडमार्श दाई होती. तान्ह्या मुलांच्या दुखण्यांवर तिनं एकच पुस्तक लिहिलं आणि ते क्रॅनफर्डना विकलं. दात येताना पोर रडलं तर अफूच्या अर्काचे तीन थेंब द्यावेत, असं तिनं लिहिलं होतं. लंडनच्या प्रतीत ‘तीन चमचे’ छापलं गेलं. पोरं रडायची थांबत होती.

“एडिंबरोवाल्यानं थेंब छापलंय,” ती म्हणाली. “मी एक पत्र टाकलं, त्यानं लगेच बदललं.”

“चोर तत्पर असतातच.”

“या महिन्यात चार पोरं गेली.”

“चारच? बघा, त्या चोरांनी आमचा खप किती पाडलाय!”

“तुम्ही शब्द बदला. मग सही करते.”

“अहो बाई, मालक चूक आणि चोर बरोबर? लॉर्ड हसतील. शिवाय पुस्तकाच्या मालकीचे सोळा हिस्से विकले गेलेत. माझे तीनच.”

“मग चमचे कुणाच्या हिश्शात आलेत?”

क्रॅनफर्डनी खरोखर विचार केला. “सांगता येत नाही. एक हिस्सेदार बाथ गावी असतात. सांधेदुखीसाठी दिवसभर तिथल्या गरम झऱ्यात बसून असतात. त्यांना विचारायला हवं.”

“इथं तर लिहिलंय, पुस्तक माझं पोर.”

“आहेच! तुमचं होतं म्हणून तर तुम्हाला विकता आलं. आता ते अनंतकाळ तुमचंच आहे, फक्त आमच्याकडे.”

“तुमचा थोरला पायाळू होता, मिस्टर क्रॅनफर्ड. मी ओढून काढला. त्याचे सोळा वाटे नाही केले.”

“आभारी आहे.”

“मी सही करत नाही.”

“बरं.” ते रागावले नाहीत. टाक बुडवून त्यांनी तिच्या नावाआधी ‘दिवंगत’ असं सुरेख अक्षरात लिहिलं. “दिवंगतांना सही लागत नाही. उलट लॉर्डांना जरा जास्त वाईट वाटतं.”

शाई सुकवायला टाकायची रेती आणायला ते आत गेले. बाईनं टाक उचलला. कागदाच्या तळाशी थोडी जागा उरली होती. तिथं तिनं लिहिलं:

‘उपरोक्त मयत अर्जदार बाई अदबीने कळवते की, पुस्तकातील बाकीचे सर्व शब्द हिस्सेदारांकडे अनंतकाळ राहण्यास तिची हरकत नाही. पान बेचाळीसवरील “चमचे” हा एकच शब्द मात्र, हिस्सेदारांची गैरसोय न करता, तिला मरणोत्तर परत मिळावा, ही विनंती.’