चाळीस पाठमोऱ्या बायका

फॅशन डिझायनर आणि चित्रकार एकत्र आले की मरण शिवणाऱ्या बाईंचं. चित्रकाराने कोटाच्या कापडावर चाळीस पाठमोऱ्या बायका रंगवल्या होत्या आणि शिलाईत एकीचीही मान तुटायला नको, अशी त्याची अट होती. म्हणून बाईंनी त्या दोनदा मोजल्या होत्या.

कोट शिवून झाल्यावर माप बघायला त्यांनी लेकीलाच तो देऊन पडद्याआड पाठवलं.

"आटप गं, महाराणी!"

"आई, गळ्याशी घट्ट होतोय."

"मग काढ. उसवून देते."

पडद्याखालून कोट बाहेर सरकला. बाईंनी सवयीने मोजलं. एक्केचाळीस. शेवटच्या बाईच्या वेणीला पिवळं रबर होतं, सकाळी बाईंनीच बांधलेलं.

त्यांनी पडदा ओढला. आत आरसा होता आणि लेकीच्या चपला.

"आई," हातातल्या कोटातून आवाज आला, "उसवू नकोस. दुखतं."