लुंगिसाचं नाव

वय भरत नव्हतं, म्हणून लुंगिसा शेजाऱ्याच्या कागदपत्रांवर सोन्याच्या खाणीत लागला. दरड कोसळून तिथंच गेला, आणि थडग्यावर नाव लागलं ते शेजाऱ्याचं.

"निदान तुझ्या पुस्तकात तरी माझ्या पोराचं खरं नाव येऊ दे गं," त्याची म्हातारी आई, नोफेझिले आजी, खाणकामगारांवर प्रबंध लिहिणाऱ्या गावातल्या बुसिस्वाला म्हणाली होती.

मानववंशशास्त्राच्या ऑनर्सला बुसिस्वा त्याच प्रबंधावर पहिली आली. हरखून गावी आली आणि आजीपुढं वाचायला बसली.

"सांडिले खाणीत उतरला, तेव्हा..."

"हा कोण सांडिले?"

"तुमचा लुंगिसाच, आजी. विद्यापीठाचा नियम असतो, खरी नावं छापायची नाहीत..."



"म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच नावानं पुरलंत त्याला."