खडूची अक्षरं

“रविवारी डबे शोधायला चला ना, बाबा,” लेक शिंप्याच्या मागे लागायची. “लोकांनी लपवलेले डबे हुडकण्याइतका रिकामटेकडा नाहीये मी,” म्हणत तो मशीन चालवत राहायचा. अपघातात ती गेली. महिन्याभराने शिंपी तिच्याच फोनवरचा डबे हुडकायचा तो नकाशाचा खेळ उघडून तिने शोधलेल्या पहिल्या डब्याच्या मागावर निघाला. फोनने पुलापर्यंत पोचवलं. पुढे गुडघे टेकून त्यालाच दगड चाचपावे लागले. डबा सापडला. आत शोधणाऱ्यांनी नावं लिहायची वही होती. तिच्या अक्षरात होतं, “चिमणी आणि बाबा.” तो तर कधीच आला नव्हता! नवखाच तो, पेन आणायला विसरला होता. खिशातल्या निळ्या खडूने त्याने खाली लिहिलं, “बाबा आणि चिमणी.” पण खडूचं काय, बोट फिरलं की पुसतं. कॉलरला टोचलेली, दोरा ओवलेली सुई काढून तो अक्षरांवरून टाके घालत बसला.