समोरचाच आवाज घेणारे माइक

सुधींद्र धारवाडच्या मैफली रेकॉर्ड करतो. पहिल्या रांगेत मी आणि माझी बायको जयलक्ष्मी बसायचो, आणि ती गाण्याबरोबर हळूच गुणगुणायची. ती गेल्यावर तेवढं तरी ऐकायला मिळेल म्हणून मी त्याच्या सप्तापूरच्या खोलीवर गेलो. त्यानं पाच मैफली लावल्या. तिचा एक सूर नाही.

"येणारच नाही, अण्णा. हे माइक पाठीमागचं काही घेत नाहीत. आणि माइकचा आवाज वाढवणारा प्रीअँप असा निवडलाय की खरखरसुद्धा नाही."

"मोठं कौतुक सांगतोस. अख्खं धारवाड तिथं खोकत बसलेलं असतं आणि तुझ्या रेकॉर्डिंगात सगळे मेल्यासारखे गप्प. एवढ्या महागाच्या सामानाला चार हातांवरची बाई ऐकू येत नाही? त्यापेक्षा लग्नाच्या मांडवातला भोंगा बरा."

त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं. मी विचारलं,

"आधीचा माइक सगळं घ्यायचा. त्यावरचं काही आहे का?"

"होतं, अण्णा. जयलक्ष्मीअक्का मध्येच गुणगुणतात, चारचौघांत लाज वाटते म्हणून तुम्हीच पुसायला लावलंत. त्यानंतर मी हे माइक घेतले."