गंगेतली उडी
कुणाला खरं वाटणार नाही, पण ऋषिकेशला मी रबरी होडीतनं भर गंगेत उडी मारली! चहूकडं देवळांच्या घंटा, वर हिरवे डोंगर, आणि पाणी असलं गार की मिशीवर बर्फ धरला. होडीवाला ओरडला, “बाबूजी, मत कूदो!” म्हटलं, पंचगंगेत म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकलोय, गंगा मला काय करतीय? हे मी पोराला ऐकवत होतो, कारण पुढच्या यात्रेला तो आम्हा दोघांना सोडत नव्हता. “आईचे गुडघे बघा, तुमचं वय बघा. आता शेजारच्या गडमुडशिंगीच्या पुढं जायचं न्हाय!” मी छाती फुगवली. “गंगेत उडी मारणाऱ्याला वय विचारतोस व्हय रं?” तेवढ्यात बायको पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातनं बाहेर आली. “उडी मी मारली! हे काठावर माझ्या चपला राखत बसलेले. यात्रेला मी जाणार. ह्यांना ठेव की घरात!”