तपासणी

मयुरी नागपुरातल्या प्रयोगशाळेत उंदरांच्या अंडकोषांवर नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्यांचा परिणाम तपासत होती. गोळ्यांनी उंदरांचे शुक्राणू आटले आणि गोळ्या थांबवल्यावर पुन्हा वाढले, तेव्हा तिला नवरा आठवला. हिंगण्याच्या कारखान्यातल्या धुळीने भूपेश सतत खोकायचा आणि मेडिकलमधून त्याच गोळ्या आणायचा. मूल होत नाही म्हणून सासू मयुरीला कुणाच्याही डोहाळजेवणाला जाऊ देत नसे. संध्याकाळी तिने आशेने त्याला मोबाइलवर उंदरांच्या शुक्राणूंचा फोटो दाखवला. “गोळ्या सोडून पाहा. आधी तुमची तपासणी करू.” भूपेशने फोटोवरची नजर काढली नाही. “माही तपासणी कधीचीच झाली. दोष माह्यातच निघाला.” स्वयंपाकघरात सासू भाकरी थापत होती. मयुरीने आवाज दाबून विचारलं, “मग आईंले काहून नाही सांगितलं?” “तवाच सांगितलं,” तो म्हणाला. “तीच म्हणे, चूप राह्य, बाईच्या नावावर खपून जाते.”